शेटच्या खुर्चीत वाकळे सर

परवा नवा अभ्यासक्रम कॉलेजात आला. मराठीच्या नव्या मॅडम तो चाळता चाळता सहज म्हणाल्या, "'पहिली पंगत' काढून टाकलंय बरं का." माझा विषय रसायनशास्त्र. मराठीच्या पेपराला कुठलं नाटक लागलं आणि कुठलं निघालं याच्याशी माझं काहीएक देणंघेणं नाही. तरी हातातला चहा मला गोड लागेना. वाकळे सर असते तर त्यांनी त्या दिवशी स्टाफरूम डोक्यावर घेतली असती, आणि मी नेहमीप्रमाणे "अहो, जाऊ द्या ना एक नाटक" म्हणून त्यांना आणखी पेटवलं असतं. सरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. जिंतूरच्या आमच्या कॉलेजात पेटवावं असं माणूस मला दुसरं मिळालेलं नाही.

'पहिली पंगत' हे जुनं तीन अंकी नाटक. त्यात त्रिंबकशेट नावाचा तेलाचा व्यापारी आहे. संस्थानच्या वाड्यावर दसऱ्याची जेवणावळ होते, तिच्या पहिल्या पंगतीत आपलं पान लागावं, एवढा एकच ध्यास या माणसाला. त्यापायी तो सख्खा भाऊ तोडतो. बायकोचे दागिने मोडतो. मुलगा रघू खानावळ काढतो, चार लोकांना रांधून वाढतो, म्हणून त्याला घराबाहेर काढतो. शेवटी शेट पहिल्या पंगतीत बसतो तेव्हा डावीउजवीकडे ओळखीचं कुणी नसतं. एवढीच गोष्ट.

आता केमिस्ट्रीच्या माणसाला हे पाठ कसं, असं कुणी विचारेल. माझी प्रयोगशाळा आणि सरांचा वर्ग यांच्यामधली भिंत छतापर्यंत जातच नाही. बांधणाऱ्याकडचं सिमेंट संपलं की उत्साह, देव जाणे. इकडे माझी पोरं ब्युरेट धरून थेंब मोजत आणि पलीकडून सरांचा आवाज यायचा. त्या आवाजाला भिंत काय, नदी आडवी आली असती तरी तो पोचला असता. दरवर्षी जुलै ते फेब्रुवारी मी त्रिंबकशेट ऐकला. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना क्षाराचं पृथक्करण आलं नाही, शेटचं मात्र चोख आलं.

सर झरी गावचे. उंचीनं बेताचे, रंगानं काळेसावळे, आणि कपड्यांच्या बाबतीत महाकडक. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून स्टाफरूमच्या खुर्चीला पाठ टेकायचे नाहीत. खिशात दोन पेनं, एक लिहायचं आणि एक दिसायचं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. दारातूनच आवाज यायचा, "काय केमिस्ट्री, आज काय उकळायलाव?" मग डबा उघडायचा. धपाटे, दही, ठेचा. पहिला धपाटा माझ्या हातावर ठेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत, आणि मी नको म्हटलं तर रागवायचे. "बामणाचं पोट आन बकरीचं पोट सारखंच, दिवसभर चालू पायजे," असं वर ऐकवायचे. मीही मग त्यांना काहीतरी ऐकवायचो. आमची दोस्ती ही अशी, एकमेकांना टोचत टोचत झालेली.

त्यांची शिकवायची पद्धत सगळ्या जिल्ह्यात वेगळी होती. नाटकातल्या माणसाचं 'स्वभावचित्रण करा' असा प्रश्न परीक्षेला येतो. पोरं गाईड उघडून घोकतात, 'त्रिंबकशेट हा स्वार्थी, अहंकारी व मानासाठी हपापलेला आहे.' पहिल्याच तासाला कुणीतरी उठून हे वाक्य म्हणायचंच. सर शांतपणे विचारायचे, "हे शेट म्हनायलाय का गाईड म्हनायलंय?" पोरगं खाली बसायचं. मग सर प्राचार्यांच्या खोलीतून बाद झालेली, एक हात मोडलेली लाकडी खुर्ची ओढत आणायचे आणि फळ्यासमोर ठेवायचे. ती शेटची खुर्ची. ज्यानं तिच्यात बसायचं त्यानं शेट व्हायचं, 'मी' म्हणून बोलायचं, आणि वर्गानं त्याला उलटसुलट विचारायचं.

या खेळाला नियम एकच होता, आणि तो कडक होता. खुर्चीतल्या माणसानं स्वतःला स्वार्थी म्हणायचं नाही. "स्वार्थी मानूस सोताला स्वार्थी म्हनतो का रे कधी?" सर विचारायचे. "त्याला वाटतं, आपन सगळ्यांसाठी मरायलोत. ते त्याला का वाटतं, तेवढं शोधा. शिव्या द्यायला नाटक कशाला पायजे? त्या पारावर फुकट मिळतात." जो स्वतःला स्वार्थी म्हणाला तो बाद. त्यानं उठून मागच्या बाकावर जायचं आणि दुसऱ्यानं बसायचं.

एका वर्षी गणेश नावाचा पोरगा खुर्चीत बसला. बाप पेठेतला मोठा किराणावाला. कुणीतरी विचारलं, "शेट, सख्ख्या भावाला कामून तोडलं?" गणेश एक क्षणही न थांबता म्हणाला, "त्यो माझ्याबरुबर बसला असता तर लोकांनी त्याच्याकडंबी बघितलं असतं. मंग मी कशाला येवढा खर्च केला?" वर्ग खो खो हसला. गणेश मात्र हसला नाही, त्याला हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत सर माझ्या टेबलावर थाप मारून म्हणाले, "केमिस्ट्री, आज खरा शेट घावला! त्याला मालूमच न्हाई आपन काय बोलून गेलो ते." दिवसभर त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा होता.

मी एकदा त्यांना मुद्दाम छेडलं. म्हटलं, "सर, तुमच्या त्या शेटचे एवढे काय लाड करायचे? आपमतलबी माणूस." ते म्हणाले, "तसाच हाय. पन त्याची भूक कशाची हाय ते कळलं पायजे. पोटाची भूक लोकांना दिसती. ही दुसरी दिसत न्हाई, आन जास्त पेटती."

ही दुसरी भूक सरांना स्वतःला नव्हती असं मात्र नाही. ती चांगली सणकून होती, आणि आम्ही त्यावरून त्यांना सोडत नसू. घराच्या दाराला पितळी पाटी, तिच्यावर 'प्रा. वाकळे' आणि पुढे मिळवलेल्या सगळ्या पदव्या, टिंबांसकट. एकदा परभणीच्या गाडीत कंडक्टर त्यांना म्हणाला, "ए मामा, सरक मागं." सर म्हणाले, "मामा न्हाई. प्राध्यापक वाकळे." कंडक्टरही जिंतूरचाच. तो म्हणाला, "बरं, मंग प्राध्यापक वाकळे, सरका मागं." सगळी गाडी हसली. सर मागं सरकले. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि शेवटी बोट वर करून म्हणायचे, "पन 'सरका' म्हनला का न्हाई?"

त्यावर हसून झालं की मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. सरांचे वडील झरीला एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. त्यांना आयुष्यात कुणी 'अहो' म्हणून हाक मारली नाही. गावातल्या लग्नात ते मांडवाच्या बाहेर, बैलगाडीच्या सावलीला बसून राहत. सगळ्या पंगती उठल्या की बोलावणं यायचं. लहानपणी सर त्यांच्याबरोबर असत. आतून बुंदीचा वास यायचा आणि बाप सांगायचा, "थांब, आपली पाळी येनार हाय."

पुढे सर प्राध्यापक झाले. त्याच शेतकऱ्याच्या नातवाच्या लग्नाचं निमंत्रण त्यांना आलं, तेही घरी येऊन, नारळ देऊन. सर वडिलांना घेऊन गेले. यजमानांनी दारात येऊन हात धरला, सरपंचाशेजारी पहिल्या पंगतीत दोघांची पानं मांडली. सर बसले. म्हातारा काही बसेना. सगळ्यांनी आग्रह केला. शेवटी म्हातारा सरांच्या कानाशी वाकून म्हणाला, "तू जेव बाबा. मला इतक्या लवकर भूक लागत न्हाई." हे सांगताना सरांचा आवाज वर्गातला नव्हता. डब्यातला धपाटा त्यांनी तसाच झाकून ठेवला आणि तासाला निघून गेले. ज्याच्या बापाला भुकेचीही सवय मागच्या पंगतीची लागली, त्याला पितळी पाटी लावावीशी वाटली तर त्याला हसणारे आपण कोण?

त्या पाटीवर पदव्यांच्या खाली एक ओळ मोकळी होती. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा विचारलं. सर म्हणाले, "ती सुजितची. साहेब झाला की त्याचा हुद्दा येनार तिथं." सुजित हा त्यांचा एकुलता एक. तेव्हा तो सातवीत होता आणि अंगणात बेडूक धरत होता.

सुजित हुशार निघाला. पदवी घेऊन पुण्याला गेला, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. आमच्या मराठवाड्यात 'तयारी' या शब्दाइतका आधार देणारा शब्द दुसरा नाही. पोरगं काय करतंय? तयारी. किती वर्षं? तयारी. एका वर्षी सुजित मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी म्हटलं, "निकाल तर लागू द्या." ते म्हणाले, "हे नुसते वासाचे पेढे. जेवन पुढं हाय." निकाल लागला, त्यात तो नव्हता. पुढच्या वर्षीही नव्हता. सर म्हणायचे, "थोडक्यात हुकला." आणि एवढं बोलून दिसायच्या पेनाचं टोपण उघडायचे आणि लावायचे.

मग एका रविवारी मी मासळी घ्यायला येलदरीला गेलो. ब्राह्मण असून मासळी खातो म्हणून माझी आई मला जन्मभर बोलली, पण येलदरीची मरळ ज्यानं खाल्लीय त्याला माझं दुःख कळेल. धरणाच्या काठाला होड्या लागल्या होत्या. तराजूपाशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाठमोरा एक तरुण उभा होता. वळला तो सुजित. मला पाहून त्यानं हात पुसले, जय भीम घातला आणि जरा हसला.

"काका, तुमी? बाबांनी सांगितलं न्हाई का?"

"काय?"

"मी आलो परत. चार महिने झाले. इथं बारावीतला दोस्त हाय, भोयाचा. त्याच्यासंगं धंद्यात हाय."

मी विचारलं, "पुणं सोडलंस?" तो म्हणाला, "पुस्तक उघडलं की मला उलटीसारखं व्हायचं काका. इथं पहाटं पान्यात गेलो की छाती मोकळी होती. लय काम हाय, पन झोप लागती." मग मरळ निवडून पिशवीत घालता घालता खाली मान घालून म्हणाला, "बाबा बोलत न्हाईत माझ्यासंगं. मी घरी गेलो की ताट घेऊन आत जातात. आई मधी मरायलीय." पोरगं रडलं असतं तर बरं वाटलं असतं. ते पैसे घेईना. मी बळंच ठेवले आणि निघालो.

म्हणजे चार महिने सर आम्हाला तोंडावर सांगत होते की पोरगा पुण्यात आहे. मी सोडून अख्ख्या जिंतूरला खरं माहीत होतं, कारण अख्खं जिंतूर येलदरीची मासळी खातं. कुणाला माहीत नाही असं फक्त सरांना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी म्हटलं, "सर, काल सुजित भेटला. रंग रापलाय, पण तब्येत छान झालीय."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमाला लय चौकशा."

"चांगला धंदा करतोय. चोऱ्या तर करत नाही ना?"

आणि मग वाकळे सर माझ्यावर असे भडकले की दारात आलेला शिपाई चहा न ठेवताच परत गेला. "माझ्या बापानं लोकाच्या रानातली ढेकळं फोडली! मला चिखलातून वर काढलं! आन त्याच्या नातवानं शिकूनसवरून पुन्ना चिखलात पाय घालायचे? वाकळे सरांचं पोरगं मासे इकायलंय, लोक काय म्हनतील? तुमचं काय जातंय बोलायला? तुमच्या चार पिढ्या खुर्चीवर बसल्यात. तुमच्या पोरानं मासे इकले तर लोक त्याला हौस म्हनतील. माझ्या पोरानं इकले तर म्हनतील, आले जाग्यावर."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. आजही आहे. पण माझ्या डोळ्यासमोर ताट घेऊन आत जाणारा बाप आणि बाहेर बसलेला पोरगा दिसत होता, आणि तेही तितकंच खरं होतं. आठ-दहा दिवस आम्ही बोललो नाही. त्यांनी धपाटा दिला नाही आणि मला बायकोच्या हातचा डबा अळणी लागायला लागला.

त्यानंतरची गोष्ट डिसेंबरातली. मी प्रयोगशाळेत एकटाच द्रावणं करत होतो. पलीकडे सरांचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्या दिवशी ज्याची पाळी होती तो मुलगा आलाच नव्हता आणि दुसरं कुणी तयार होईना. तेव्हा कोमल म्हणून एक धीट मुलगी होती, ती म्हणाली, "सर, आज तुमीच बसा की. आमी विचारतो." वर्गानं एकच गिल्ला केला. इतक्या वर्षांत सर स्वतः त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. पहिल्यांदा नको म्हणाले, मग हसले, आणि बसले.

सुरुवातीला काय रंगले! शेटची ऐट, शेटचा घसा खाकरणं. भाऊ का तोडला, दागिने का मोडले, पोरं विचारत होती आणि सर एकेकाला गार करत होते. मीही काचेची कांडी खाली ठेवून ऐकत राहिलो. मग कोमलनं विचारलं, "शेट, रघूनं खानावळ टाकली तर तुमचं काय बिघडलं?"

"माझं नाव गेलं."

"कुठं गेलं?"

पोरं हसली. सरांचा आवाज चढला. "लोकाच्या तोंडी गेलं! माझ्या बापानं ढेकळं फोडून मला वर काढलं, ते ह्याच्यासाठी का?"

नाटकात शेटच्या बापाचा उल्लेख नाही. हे मला माहीत होतं, आणि पोरांनाही माहीत असणार, कारण हसणं एकदम थांबलं. कोमलच्या आवाजातलाही खट्याळपणा गेला. तरी तिनं विचारलंच, "पन लोकं तर रघूकडं जेवायला यायलेत, शेट. मंग वाईट कोन म्हनायलंय?"

खुर्ची नुसती करकरली.

"तुमी एकदा तरी जाऊन बघितलं का, कशी हाय त्याची खानावळ?"

"न्हाई."

"कामून?"

मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. मग सर बोलले, ते इतक्या हळू की त्या अर्धवट भिंतीचे मी उपकार मानले. "भीती वाटती, माय. तिथं गेलो आन पोरगं सुखात दिसलं, तर मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी मरायलो, त्याचं काय करू?" आणि मग म्हणाले, "मी स्वार्थी हाय."

मागच्या बाकावरून एक पोरगं बिचारं कळवळून म्हणालं, "सर, असं म्हनायचं न्हाई. बाद होतंय."

"व्हय," सर म्हणाले. "बाद झालो मी." खुर्ची मागे सरली. घंटा व्हायला वेळ होता, पण ते वर्गाबाहेर पडले. मी दारात आलो. इस्त्रीच्या शर्टाची पाठ पहिल्यांदाच चुरगळलेली दिसली. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "केमिस्ट्री, येलदरीला आता कुठली गाडी हाय?" मी म्हटलं, "माझी मोटरसायकल आहे." ते म्हणाले, "नगं. माझं मी जातो."

कथेत शोभावं असं त्या दिवशी काही झालं नाही. सर स्टँडवर गेले, येलदरीच्या गाडीत बसले आणि गाडी सुटायच्या आत उतरून घरी आले. हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी धपाटा देताना सांगितलं. "पाय उचलंना," म्हणाले. आयुष्यभर टोचत आलो, तेवढा एक दिवस टोचलं नाही. पुढे महिनाभर तो विषयच निघाला नाही. जानेवारीत मी दोन रविवार त्यांच्याकडे गेलो तर वहिनी म्हणाल्या, "घरी न्हाईत." कुठे गेलेत, ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांचा चेहरा उजळ होता, एवढं मी पाहिलं.

सर त्यानंतर वर्षभरानं निवृत्त झाले आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात झोपेतच गेले. या काळात आम्ही शंभरदा भेटलो असू, भांडलोही असू. त्यातलं फारसं मला आठवत नाही. आठवतं ते त्या जानेवारीनंतरच्या फेब्रुवारीतलं.

प्रात्यक्षिक परीक्षेला नांदेडहून एक एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले होते. मोठे मानी गृहस्थ. परीक्षा आटोपल्यावर त्यांना धरण बघायचं होतं म्हणून मी त्यांना येलदरीला नेलं. उन्हं कलली होती. आम्ही काठाकडे उतरत होतो आणि एक्स्टर्नल एकदम थबकले. "अहो, ते तुमचे मराठीचे वाकळे ना? पेपर तपासणीला असतात ते?"

तेच होते. शर्ट तोच इस्त्रीचा, बाह्या मात्र कोपरापर्यंत दुमडलेल्या. चपला काढून ठेवलेल्या, पँट वर खोचलेली, घोट्यापर्यंत चिखल. होडीतून मासळीचं भरलेलं क्रेट काढून ते वर आणत होते. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सुजित. एक्स्टर्नल माझ्या कानाशी म्हणाले, "आपण तिकडून जाऊ या. त्यांना अवघडल्यासारखं होईल." भला माणूस होता, सरांची लाज राखायला बघत होता. मीही वळलो.

"ओ केमिस्ट्री!" भिंती ओलांडणारा तो आवाज पाण्यावरून आला. "तिकडं कुठं जायलाव? इकडं या की!"

आता जाणं भागच होतं. सरांनी क्रेट न ठेवताच एक्स्टर्नलना मानेनं नमस्कार केला. "हात भरलेत सर, माफ करा. हा माझा मुलगा, सुजित."

काहीतरी विचारायचं म्हणून एक्स्टर्नलनी विचारलं, "हो का? काय करतात हे?"

सुजितनं मान खाली घातली. या प्रश्नाला बाप काय उत्तर देतो, ते त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. होड्यांवरचे दोघंतिघंही हातातलं जाळं सोडून इकडे बघायला लागले.

"मासे धरतो," सर म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा खणखणीत आवाजात म्हणाले. "लय चांगले धरतो. अख्खं जिंतूर ह्याच्या हातचं खातंय."

सुजितनं मान वर केली आणि तो बापाकडे बघत राहिला. त्याच्या हातातली कड सुटली. क्रेट एका अंगाला कललं, वरचे दोन मासे चिखलात पडून तडफडायला लागले. सरांनी आपली बाजू पोटाशी धरून कशीबशी तोलली आणि ते पोरावर ओरडले, "आरं, माझ्या तोंडाकडं काय बगायलास? धर की! मला एकट्याला उचलत न्हाई."